धान निघालं की पडदा उघडतो

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावाहून पूर्वेला निघालं, की सोयाबीन-तुरीचं आपलं वऱ्हाड मागे पडतं आणि नागपूर ओलांडल्यावर धानाच्या बांध्या दिसू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांनी हेवा करावा अशी रंगभूमी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, आणि तिचं वेळापत्रक ठरवतं धान.

दिवाळीच्या सुमारास कापणी होते. हात मोकळे होतात, घरात चार पैसे येतात, बांध्या रिकाम्या पडतात. मग गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. घरोघर पाहुणे उतरतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकी याच दिवसांत जुळतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत पट थांबले, पण त्यामुळे नाटकं थांबली नाहीत. या रंगभूमीचं बळ मला त्यातच दिसतं.

नाटकांच्या या व्यवसायाचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरच्या या गावात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. गावचं आयोजक मंडळ तिथे येऊन नाटक आणि तारीख पक्की करतं. खुल्या जागेत मंडप पडतो. प्रेक्षकांसाठी जमीन खोल खणायची आणि निघालेल्या मातीचा मंच करायचा, ही इथली जुनी रीत. मागे बसलेल्या म्हातारीलाही मंचावरचं नीट दिसावं, याची ही किती साधी युक्ती! रात्री दहाच्या आसपास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गाणी तिथल्या तिथे, ऑर्गन-तबल्याच्या साथीवर. कलावंत आज एका गावात, उद्या दुसऱ्यात. तालमीला वेळ थोडा, म्हणून प्रॉम्प्टरचा आधार मोठा. हंगाम संपला की त्यांतले कितीतरी जण पुन्हा शेतीकडे वळतात.

या नाटकांची मुळं दंडार, खडी गंमत अशा लोकनाट्यांत आहेत. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या परंपरेचा शोध घेण्यात आयुष्य वेचलं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोगांत काम केलं. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीलाही झाडीपट्टीचं नाव ऐकू गेलं.

आम्हा वाशीमकरांना सर्वांत जवळचं वाटावं असं नाटक मात्र नवरगावच्या सदानंद बोरकरांचं. सिंदेवाही तालुक्यातल्या या नाटककाराने शेतकऱ्यांच्या मरणावर ‘आत्महत्या’ लिहिलं. कापूस-सोयाबीनच्या आमच्या पट्ट्याने ते दुःख घरात भोगलं आहे. धानाच्या मुलखातल्या माणसाने ते मंचावर मांडलं आणि मंडपात रात्रभर बसलेल्या शेतकऱ्यांनी ते पाहिलं. तिकीट काढून, अंगावर घोंगडी घेऊन, उजाडेपर्यंत.