वॉर्डातला डॉक्टर, रंगमंचावरचा नट

वस्तीत आरोग्याची बैठक घेताना एक गोष्ट नेहमी दिसते. बीपी, शुगर यावर बायका मोकळेपणी बोलतात. घरातल्या कुणाच्या मनाचा आजार निघाला, की माना खाली जातात. ‘म्हातारचळ लागलाय’, ‘बाहेरचं झालंय’ म्हणत त्या माणसाला घरातच लपवलं जातं. त्याच बायका सिनेमातल्या बाईच्या दुःखावर मात्र तासभर बोलतात. दुसऱ्याच्या गोष्टीत स्वतःचं दुःख बघायला भीती वाटत नाही.

हे ज्यांनी दोन्ही बाजूंनी ओळखलं ते डॉ. मोहन आगाशे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आणि ससून रुग्णालयात त्यांनी मनोविकारशास्त्र शिकवलं. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगमंचावर आलं, त्यातले नाना फडणवीस तेच. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ अभिनय धरला. आगाशेंनी दोन्ही कामं चालू ठेवली. प्रायोगिक नाटकावर पोट भरत नाही. सरकारी कॉलेजातली नोकरी होती, म्हणून नाटक करता आलं. कलेच्या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

मराठवाड्याशी त्यांचं नातं किल्लारीमुळे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतला. त्याचे प्रमुख संशोधक आगाशे होते. पडलेलं घर सगळ्यांना दिसतं. उडालेली झोप, जराशा आवाजाने होणारा थरकाप, ‘मीच का वाचलो’ हा सल कुणाला दिसत नाही. तो विचारावा लागतो आणि शांतपणे ऐकावा लागतो.

ऐकणं आणि निरखणं ही दोन्ही कामांची सामाईक शिदोरी. फरक पुढे आहे. नट दुसऱ्याचं दुःख अंगावर घेऊन लोकांना दाखवतो. उपचार करणारा ते समजून घेतो, पण स्वतःला बाजूला ठेवतो आणि बाहेर कुणाला सांगत नाही. रुग्णाची गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. पथनाट्य बसवताना वस्तीतल्या कुणाची ओळखू येईल अशी कहाणी घेऊ नका.

‘अस्तु’ या चित्रपटात आगाशेंनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. हा विद्वान रस्त्यात हत्ती पाहून त्याच्यामागे निघून जातो, आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखं सांभाळते. नैराश्यावरच्या ‘कासव’चे ते सहनिर्माते होते. 2017 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. जो माणूस ओपीडीत येत नाही, त्याच्यापर्यंत सिनेमा पोहोचतो.

पण सिनेमा म्हणजे उपचार नव्हे. घरातलं म्हातारं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओळखीच्या गल्लीत वाट चुकत असेल, पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. थायरॉईडच्या बिघाडाने किंवा बी-12 कमी झाल्यानेही विसरभोळेपणा येतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अल्झायमर बरा होत नाही, पण निदान झालं की घरच्यांचं चिडणं कमी होतं. मारून-मुटकून, कोंडून ठेवणं थांबतं.

नाटकाची आवड असलेल्या आणि समुपदेशन करू पाहणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं. चांगलं बोलता येतं, रडणाऱ्याला धीर देता येतो, एवढ्याने कुणी थेरपिस्ट होत नाही. मनोविकारतज्ज्ञाला आधी एमबीबीएस आणि मग त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आठ दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुसऱ्याच्या मनाशी खेळू नका. शिक्षण पूर्ण करा आणि नाटकही सोडू नका.

आणि पथनाट्य संपलं की टाळ्यांवर थांबू नका. 14416 हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक मोठ्याने सांगा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. गर्दीत मागे उभी असलेली एखादी बाई तो पदराआड लिहून घेत असेल.