वर्गणीतला पैसा, बाबासाहेबांचा चेहरा आणि स्क्रीनची जाळी

१९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे खान्देशातून लोक जमतात. साक्रीहूनही गाड्या भरून निघतात आणि त्याआधी टी-शर्ट, झेंडे, स्टिकर यांची धावपळ सुरू होते. पूर्वी आम्ही हे सगळं बाहेरून छापून आणायचो. मग वाटलं, आपली पोरं हे काम शिकली तर वर्गणीतले पैसे वाचतील आणि दोघा-चौघांच्या हाताला कामही मिळेल.

पहिल्याच खेपेला आम्ही ६० टी-शर्ट बिघडवले. निळ्या कापडावर पांढऱ्या रंगात बाबासाहेबांची प्रतिमा होती. कापडासाठी ११०-१२० ची जाळी लागते, एवढं आम्ही ऐकलं होतं. दुकानात जाऊन '१२० द्या' म्हटलं, त्यांनी दिली. छापायला बसलो तर पांढरा रंग जाळीतून नीट उतरेचना. प्रतिमा धुरकट, राखाडी आली. दुसरा हात मारला तर चष्म्याची कड पसरली. आम्ही ऐकलेलं माप इंचाचं होतं आणि हातात आलेली जाळी सेंटिमीटरची. चूक आमचीच, आम्ही विचारलंच नाही. ती चूक इतरांनी करू नये म्हणून हा लेख.

नंबर म्हणजे काय?

जाळीचा नंबर म्हणजे ठरावीक लांबीत असलेले धागे. कुणी ते सेंटिमीटरला मोजतं, कुणी इंचाला. सेंटिमीटरच्या आकड्याला अडीचने गुणलं की साधारण इंचाचा आकडा मिळतो. सेंटिमीटरची ४३ म्हणजे इंचाची सुमारे ११०, ७७ म्हणजे १९५ आणि १२० म्हणजे ३०५. आम्हाला ११० हवी होती आणि आम्ही ३०५ घेऊन आलो होतो! म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: 'हा नंबर सेंटिमीटरचा की इंचाचा?' इथून पुढचे सगळे आकडे सेंटिमीटरचे आहेत.

नंबर लहान तर छिद्र मोठं आणि रंग जास्त उतरतो. नंबर मोठा तर छिद्र बारीक, रंगाचा थर पातळ, पण रेघ नाजूक येते. ४३ च्या जाळीचं छिद्र साधारण १५० मायक्रॉनचं असतं, १२० चं जेमतेम ५० चं. धाग्याच्या जाडीप्रमाणे हे थोडं बदलतं. गडद कापड झाकणारा घट्ट पांढरा रंग, ज्याला छापखान्यात 'खादी' म्हणतात, तो एवढ्या बारीक छिद्रातून कसा उतरणार?

कोणत्या कामाला कोणती?

- गडद टी-शर्टवर पांढरा किंवा पिवळा रंग, ठळक अक्षरं, अशोकचक्र: ४३ च्या आसपास.
- पांढऱ्या सुती कापडावर निळा रंग, मध्यम अक्षरं: ५५ ते ६१.
- सॅटिनचे झेंडे: ६१ ते ७७. कापड पातळ असतं, रंग जास्त उतरला तर पसरतो.
- ठिपक्यांतून साकारलेला फोटो: ७७ ते ९०.
- कागद, स्टिकर, बावीस प्रतिज्ञांची बारीक अक्षरं: १०० ते १२०.

बारीक रेघेला जाळीत धरायला किमान दोन धागे हवेत. ४३ वर साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तुटते. म्हणून टी-शर्टवर प्रतिज्ञा छापायच्या असतील तर आधी अक्षर मोठं करा, मगच जाळी ठरवा. नाहीतर 'मी' आणि 'मि' यातला फरकच दिसणार नाही.

फोटोचा हिशेब वेगळा. इंचाला ठिपक्यांच्या जेवढ्या ओळी, त्याच्या चार ते पाच पट जाळीचे धागे हवेत, दोन्ही मापं इंचाचीच. ४५ ओळींच्या फोटोला इंचाची १८० च्या वरची, म्हणजे सेंटिमीटरची ७७ जाळी चालते. याहून जाड जाळी वापरली की चेहऱ्यावर नको त्या पट्ट्या उमटू लागतात.

धागा आणि ऋतू

नायलॉनची जाळी ओलावा धरते आणि सैल पडते. जुलैच्या हवेत तर जास्तच. त्यापेक्षा पॉलिएस्टर घ्या. लाकडी फ्रेमही पावसाळ्यात वाकते, म्हणून तिला आधी वॉर्निशचा हात द्या. जाळी सगळीकडून सारखी ताणलेली हवी. ती सैल असेल तर दोन रंगांची छपाई जुळत नाही. इमल्शन लावण्याआधी साबणाने धुऊन तेलकटपणा काढा. बारीक कामाला पिवळी जाळी बरी. पांढऱ्या धाग्यातून प्रकाश आडवा पसरतो आणि कडा खातो. मात्र पिवळ्या जाळीला प्रकाश थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

१४ एप्रिलची अडचण उलटी असते. आपल्याकडच्या उन्हात पाण्याचा रंग जाळीतच सुकतो आणि बारीक जाळी लगेच बंद पडते. तेव्हा सावलीत छापा, ओलं फडकं जवळ ठेवा, शक्य तिथे एक नंबर खाली उतरा.

आणखी एक. इमल्शनमध्ये बायक्रोमेट वापरत असाल तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका. ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे. त्याचं पाणी गटारात किंवा कान नदीत सोडू नका. हजेरीवर घेतलेल्या पोराकडून उघड्या हातांनी स्क्रीन धुवून घ्यायची आणि त्यावर समतेचा संदेश छापायचा, हे आपल्याला शोभत नाही.

काही कार्यकर्ते विचारतात, चळवळीत जाळीचा नंबर कशाला? १९२० साली 'मूकनायक' सुरू करणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. आपलं म्हणणं आपल्या हाताने छापता येणं ही छोटी गोष्ट नाही. पण ते वाचताही आलं पाहिजे.

यंदा एक करा. पूर्ण जाळी घेण्याआधी दोन नंबरांचे लहान तुकडे आणा, छोट्या फ्रेमवर ताणा आणि ज्या कापडावर छापायचं त्याच कापडावर एक-एक छाप काढून बघा. आमच्या ६० टी-शर्टांपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.

जय भीम.