१९८८ पासूनचं वऱ्हाड

वऱ्हाडातल्या जमिनीचा मागोवा घ्यायचा तर मी १९८८ या सालापासून सुरुवात करीन. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग त्या साली सुरू झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कांबळे आणि प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला तोही त्याच साली. ढोरे आणि जोशी यांचं मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या वनस्पतींवरचं पुस्तक त्याच सालचं, आणि काटेपूर्णा अभयारण्यही. कोणी ठरवून केलेलं नव्हतं हे. पण आज मागे वळून पाहताना 'तेव्हा काय होतं' हे सांगणारे कागद हाताशी आहेत ते त्यामुळेच.

यातलं सर्वात चिकाटीचं काम मला त्या खत प्रयोगाचं वाटतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा असा प्रयोग चालू आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आपल्याकडे ही साखळी १९७० मध्ये सुरू केली आणि पुढे अकोला तिच्यात आलं. रीत साधी आहे. कपाशीच्या काळ्या जमिनीचे तुकडे पाडायचे. एकाला काहीच द्यायचं नाही, एकाला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद-पालाशाची पूर्ण मात्रा, एकाला पूर्ण मात्रेबरोबर हेक्टरी ५ टन शेणखत, एकाला निव्वळ शेणखत. खरिपात ज्वारी, रब्बीत गहू. मग दरवर्षी तेच, त्याच तुकड्यात.

मातीतले सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचा श्वास मोजता येतो. ओलसर मातीच्या नमुन्यात टेट्राझोलियमचं द्रावण घालून तो चोवीस तास बंद ठेवतात. जिवंत सूक्ष्मजीवांच्या विकरांमुळे त्या बिनरंगी द्रावणाचा लाल पदार्थ होतो. तो मिथेनॉलमध्ये उतरवून घेतला की जितका रंग गडद, तितकी माती जागी. या मोजणीत शेणखत आणि रासायनिक खत दोन्ही मिळालेला तुकडा वर्षानुवर्षं पुढे राहिला; सेंद्रिय कर्बातही आणि सूक्ष्मजीवांच्या भारातही. नुसत्या नत्रावर ठेवलेला तुकडा मागे पडत गेला. पऱ्हाटीला युरियाची गोणी टाकून मोकळं होणाऱ्या वऱ्हाडासाठी याहून स्पष्ट उत्तर कोणतं हवं होतं?

उत्तर मिळत होतं तेव्हाच ते अमलात आणायची सोय मात्र हातची जात होती. प्रयोग सुरू झाला तेव्हा ज्वारी वऱ्हाडाचं खाणं होतं आणि कडबा गुरांचं. पुढच्या वर्षांत सोयाबीनने ज्वारीचं वावर घेतलं. कडबा गेला, बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आला. एकराला दोन टन शेणखत म्हणजे चार-पाच बंड्या. ज्याच्या गोठ्यात एक गाय आहे त्याने त्या कुठून भरायच्या? शेतकऱ्याला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. मातीचा कर्ब आणि गावातली ज्वारी हा एकच हिशोब होता, आणि तो धोरण आखणाऱ्यांनी कधी एकत्र मांडला नाही.

या पोकळीतच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर उभे राहिले. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती, हे त्यांचं जीवामृत. शेण हे खत नव्हे, विरजण आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांच्या झिरो बजेट शेतीचं नाव आलं. शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी पुराव्यांविषयी कडक शंका घेतल्या. मला स्वतःला धुऱ्यावरच्या त्या मुठीचं महत्त्व मान्य आहे. नांगर न लागलेल्या जागेत जिवाणू-बुरशांची विविधता टिकते. पण विरजणाला दूध लागतं. अकोल्याच्या तुकड्यांतली माती जागी राहिली ती दरवर्षी टनांनी पडलेल्या सेंद्रिय पदार्थावर. पाळेकरांच्या पद्धतीतही आच्छादन आहे, आणि खरा भार त्यावरच आहे. गावात मात्र जीवामृताचा ड्रम दिसतो. कुटार आणि पऱ्हाट्या जाळून टाकल्या जातात.

खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी. पूर्णेच्या खोऱ्यातली सुमारे पावणेपाच लाख हेक्टर जमीन, विहिरीचं पाणी खारं, माती चोपण, पाऊस पडला की चिखल आणि उघडला की दगड. तिथे आधी जिप्सम, धैंचा-बोरू यांनी मातीची घडण सुधारावी लागते, जिवाणू नंतर.

जमिनीवरचं चित्रही पालटलं. गाजरगवत १९८८ मध्येही होतंच. त्यानंतर रानतुळस रस्त्यांच्या कडांनी आणि पडिकांत पसरली, घाणेरीने जंगलाच्या कडा धरल्या. पवन्या, मारवेल, कुसळी ही चाऱ्याची गवतं कुठे मागे हटली, हे जुन्या ग्रंथातली नोंद हातात घेऊन त्याच गावांत पुन्हा फिरल्याशिवाय कळणार नाही. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली तिथे मात्र उलटा प्रवास पाहायला मिळाला. शेतं थांबली आणि गवत परतलं.

शहरांचं काय? अमरावतीचं भाग्य पूर्वेला आहे. वडाळी तलाव, छत्री तलाव, विद्यापीठाचा परिसर आणि पलीकडे पोहरा-मालखेडचं राखीव जंगल. वडतकर आणि कसंबे यांनी २००२ मध्ये या जंगलाची पक्षिसूची छापली आणि २००७ मध्ये ती सुधारून पुन्हा दिली. बिबट्या विद्यापीठाच्या आवारात येतो, ही बातमी अमरावतीकराला आता नवी नाही. अकोल्याला असं जंगल नाही, मोर्णा नदी आहे. जानेवारी २०१८ मध्ये हजारो माणसं जलकुंभी काढायला पात्रात उतरली, 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक झालं. पण सांडपाणी येत राहिलं की जलकुंभीला खत मिळत राहतं, आणि ती परत येते. नदीतल्या जीवांचा नियम मातीतल्या जीवांहून वेगळा नाही: जे खायला घालाल तेच वाढेल.

आणि अमरावतीच्या पूर्वेचं हे भाग्य सगळ्यांचं नाही. वलगाव रस्त्याकडच्या दाट वस्तीतल्या बाईला वडाळीचा गारवा रोजचा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ती जवळच्या एखाद्या लिंबाखालीच थांबते. पक्षी आणि झाडं मोजली तशी ही अंतरंही मोजायला हवीत: कोणत्या घरापासून पायी किती मिनिटांवर मोठ्या झाडाची सावली आहे, तिथे बसायला मनाई आहे की नाही, खालची माती मोकळी आहे की पेव्हर ब्लॉकखाली गेली आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात होण्यासारखं काम आहे. वही, टेप आणि थोडे चालायचे पाय पुरतात.