निकालाच्या दुसऱ्या दिवशी

‘स्वमग्न’ हा शब्द पूर्वी मला फार आवडायचा. कविसंमेलनात सूत्रसंचालक एखाद्याची ओळख ‘आपल्यातच रमलेला, स्वमग्न कवी’ अशी करून देतो, तेव्हा तो कौतुकच करत असतो. माझीही तशी ओळख दोन-चार वेळा झाली आहे. पुढे माझ्या भाच्याच्या कागदावर डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ असे लिहिले आणि मराठीत याला स्वमग्नता म्हणतात असे सांगितले, तेव्हा मला वाटले, मूल जरा एकलकोंडे आहे, मोठेपणी सुधारेल. बी.ए. झालेल्या, चार पुस्तके वाचलेल्या माणसाचे हे अज्ञान.

स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या घडणीतला फरक. तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. समोरच्याच्या मनातले ओळखणे, बोलण्यातला आडवा अर्थ समजणे, अचानक झालेला बदल सोसणे, हे अशा मुलांना अवघड जाते. आवाज, उजेड, वास काहींना असह्य होतात. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी एकाच विषयावर तासभर बोलतो. 1943 साली अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांविषयी लिहिले, तिथून हे नाव रूढ झाले. पुढे बरीच वर्षे डॉक्टर मंडळींनी आईलाच दोष दिला, तिची माया कमी पडली म्हणून. ते साफ चूक होते हे आता सिद्ध झाले आहे. आपल्याकडच्या सासवांपर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाही.

लहान मुलांच्या स्वमग्नतेविषयी आता बरेच बोलले जाते. मला बोलायचे आहे ते ओठावर मिसरूड फुटलेल्या मुलांविषयी. मूल लहान असते तोवर लोक ‘बिचारा’ म्हणतात. तेच मूल पाच फूट आठ इंचांचे झाले आणि बसस्थानकावर हात फडफडवत उभे राहिले, की लोक बाजूला सरकतात.

आमचे औसा लातूरपासून वीसेक किलोमीटरवर. लातूर पॅटर्नची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात आहे. आमच्याकडे दहावी-बारावीचा निकाल सणासारखा असतो, चौकाचौकात गुणवंतांचे फलक लागतात. भाचा दहावीला होता ते साल 2021. कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि सगळ्यांबरोबर तोही पास झाला. त्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, त्याचे वडील गेले होते. बहिणीने डोळे पुसत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीने दप्तर घेऊन दाराशी उभा राहिला. शाळा संपली, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

पुढचे आठ-नऊ महिने तो घरात बसून होता. दप्तर भरायचा आणि रिकामे करायचा. रात्री झोपेना, भिंतीवर डोके आपटू लागला. आम्ही डॉक्टरांकडे नेले. त्यांनी औषधाआधी एक प्रश्न विचारला, ‘हा दिवसभर करतो काय?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. गणित, इतिहास, भूगोल यांवर आम्ही दहा वर्षे घालवली होती. एकट्याने रस्ता ओलांडणे, दाढी करणे, दुकानातून सुटे पैसे परत घेणे, ‘मला समजले नाही’ असे म्हणणे, यातले एकही आम्ही शिकवले नव्हते. या विषयांना गुण नसतात ना!

अमेरिकेत विशेष गरजा असलेला विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा शाळेने तयार करावा, असे कायदाच सांगतो. तो काय काम करील, कुठे राहील, कसा प्रवास करील, हे त्यात येते. आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पाच वर्षांत सवडीने एकेक विषय सोडवता येतो. पण शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर पुढे काय, हे घरच्यांनीच बघायचे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ही तयारी चौदाव्या वर्षी सुरू करावी. आम्ही सतराव्याला जागे झालो.

पहिला प्रयत्न ओळखीच्या एका किराणा दुकानात केला. भाच्याला मोजणे, वजन करणे छान येते. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, ‘जरा दुकान बघ, आलोच.’ ते अर्ध्या तासाने परतले तेव्हा दोन पोरे बरणीतल्या गोळ्या घेऊन पसार झाली होती आणि भाचा दुकानाकडे एकटक बघत उभा होता. सांगितले तेच तर त्याने केले होते! त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ‘तुरीची डाळ चांगली आहे ना?’ असे विचारले. हा म्हणाला, ‘नाही. काल तिच्यात किडे होते.’ मालकांनी माझ्यापुढे हात जोडले. मी त्यांना दोष देत नाही. भाच्याशी कसे बोलायचे हे त्यांना सांगणे माझे काम होते, मी ते केले नव्हते.

यातून एक गोष्ट कळली, ती जाणकारही सांगतात. स्वमग्न मूल एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप वापरू शकत नाही. घरी शंभरपर्यंत नाणी मोजणारा मुलगा दुकानाच्या गलबल्यात पाचावर अडतो. म्हणून काम घरी शिकवून मग पाठवायचे नसते. ते जिथे करायचे तिथेच, त्याच माणसांत शिकवायचे असते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात 1996 साली ‘प्रोजेक्ट सर्च’ नावाचा उपक्रम याच समजुतीवर सुरू झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षी मुले रोज रुग्णालयातच येतात, तीन वेगवेगळ्या विभागांत काही आठवडे काम करतात आणि सोबत एक शिकवणारा माणूस असतो. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी स्वमग्न तरुणांसाठी थोडी जादा मदत जोडून हे करून पाहिले. 2014 साली निष्कर्ष आले: अशा 24 तरुणांपैकी 21 जणांना नोकरी लागली; तशी सोबत न मिळालेल्या 16 जणांत फक्त एकाला. मुले दोन्हीकडे सारख्याच अडचणींची होती.

आम्हाला कुठले रुग्णालय आणि कुठले संशोधक! पण ओळखीची एक बेकरी होती. तिथे टोस्टची पाकिटे भरायचे काम होते, एका पाकिटात बारा टोस्ट. पहिले तीन आठवडे मी त्याच्या शेजारी पाट टाकून बसलो. मग दाराशी. मग समोरच्या चहाच्या टपरीवर. सातव्या आठवड्यात मी गेलोच नाही, आणि त्याने विचारलेही नाही. (मला जरा वाईट वाटले, हे कबूल करतो.) पिशवी, बारा टोस्ट, खोका, अशी कामाची पायरीवार चित्रे भिंतीवर चिकटवली. मैदा मळायच्या मशीनचा आवाज त्याला सहन होत नव्हता, तेव्हा गिरण्यांत कान झाकायला वापरतात तसले झाकण आणले. पिशवीचे तोंड गरम पट्टीने बंद करणे धोक्याचे, ते दुसऱ्याकडे दिले. मालकांना सांगितले, त्याला ‘जरा’, ‘आलोच’, ‘बघून घे’ म्हणू नका. ‘पन्नास पाकिटे भर, मग पाणी पी’ असे म्हणा. ते हसून म्हणाले, ‘असं सांगितलं तर माझी बाकीची पोरंही नीट काम करतील.’

वेळेचा घोळ मात्र वेगळाच निघाला. जेवणाची सुट्टी जोहरच्या नमाजनंतर, हे त्याने पक्के केले होते. मोसम बदलला, मशिदीच्या फळ्यावर जमातीची वेळ पंधरा मिनिटांनी हलली आणि त्या दिवशी त्याने टोस्टचा ट्रे भिरकावला. तेव्हापासून सुट्टी घड्याळावर बांधली आणि कुठलाही बदल आदल्या रात्री लिहून दाखवायचा नेम केला. रमजानमध्ये बेकरी रात्रभर चालते; त्याचा तक्ता तर आम्ही महिनाभर आधी लावतो.

मजुरीवरून थोडी कुरबुर झाली. मालक भले माणूस, पण त्यांचा पहिला विचार ‘बसू द्या, त्याचं मन रमेल’ असा होता. बहीण ठाम राहिली: इतरांना पाकिटामागे जे मिळते तेच त्याला मिळाले पाहिजे. मला तिचे पटले. काम खरे असेल तर दामही खरे हवेत. नाहीतर ते काम नव्हे, पोराला सांभाळायला ठेवणे झाले.

बेकरीतल्या दोन पोरांनी त्याला नको ते शब्द बोलायला लावून मोबाइलवर चित्रीकरण केले, तेही घडले. शब्द पाळणाऱ्या मुलाला कुणीही काहीही करायला लावू शकतो. म्हणून ‘नाही’ म्हणायला शिकवावे लागते, आणि हे शिक्षण आम्हाला पाकिटे भरण्यापेक्षा जड गेले. शरीर तर वेळेवर वयात येतेच. कपडे कुठे बदलायचे, कुणाला हात लावायचा नाही, बसमध्ये बाईशेजारची जागा रिकामी असली तरी उभे राहायचे, हे आडपडदा न ठेवता, चित्रे काढून सांगावे लागते. आपण लाजून गप्प बसतो आणि एके दिवशी पोर मार खाऊन येते.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. तो पदवीधर झाला, बँकेत पासष्ट वर्षे काम केले, मोटार चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळची होती, हे विसरू नये; ते भाग्य किती जणांचे? पण गावाने त्याला आपला मानले, त्याच्या लकबींसकट सांभाळून घेतले, हेही तितकेच खरे. असल्या बाबतीत मला औसा लातूर-पुण्यापेक्षा बरे वाटते. इथे भाचा रस्ता चुकला तर पानवाला त्याला घरी आणून सोडतो. मुंबईत जुहूला 2018 पासून ‘कॅफे अर्पण’ अशा तरुणांच्या हातावर चालते, ते कौतुकाचेच आहे. पण आमच्याकडे कॅफे नको, डाळ मिल, छापखाना, रोपवाटिका, गोठा पुरे. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाईंना त्यांची वाट किशोरवयात मावशीच्या गुरांच्या वाड्यावर सापडली आणि पुढे त्या गुरे हाताळण्याच्या वाड्यांच्या रचनेतल्या जगप्रसिद्ध तज्ज्ञ झाल्या. देवणी गाईंच्या मुलखात हे कळायला अवघड नाही. प्रत्येक मूल ग्रँडिन नसते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. काहींना आयुष्यभर कुणीतरी सोबत लागेल, बाहेर काम जमणारही नाही. त्यांचाही दिवस रिकामा जाऊ नये.

कागदांचे थोडे सांगतो. 1995च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. 2016च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती आहे. त्यामुळे प्रमाणपत्रावर स्वमग्नताच लिहिलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. आमच्या कागदावर एका ठिकाणी ‘मतिमंद’ असे लिहिले गेले आणि ते बदलायला वर्ष गेले. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र असेल तर एस.टी.च्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा आहेत. त्यातली एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा काही गटांना मिळून आहे. आणि अठरा पूर्ण झाले की कायद्याने आई-वडील पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो.

तो अर्ज सध्या आमच्या घरात टेबलावर पडून आहे. भाचा आता एकवीस वर्षांचा आहे. बहिणीची तब्येत बरी नसते. तिने पालक म्हणून माझे नाव सुचवले; मी पन्नाशी ओलांडलेला, तेव्हा माझ्यानंतर माझ्या मुलीने बघावे, असे बोलणे चालले होते. मुलगी म्हणाली, ‘मी करीन, पण अब्बा, त्याला कुणी विचारलं का? स्वतःचे पैसे तो स्वतः मोजतो. त्याला पालक हवाच आहे की नुसती मदत?’ आम्ही दोघे गप्प झालो. शुक्रवारी दुपारनंतर बेकरी बंद असते. तेव्हा विचारायचे ठरले आहे. प्रश्न आदल्या रात्री लिहून दाखवणार आहोत.