रडण्याची वेळ

आजीबाईंनी तळहातावर पेनाने लिहून ठेवलं होतं: ४.१०. पत्रिका करायला गुरुजींना सांगायचं म्हणून. देगलूरच्या एका प्रसूतिगृहातून पहाटे साडेपाचला नांदेडकडे निघालेल्या अँब्युलन्समध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. लेकरू त्यांच्या छातीशी, पदराखाली, डोक्याला टोपडं. समोर सिस्टर, हाताशी ऑक्सिजनची नळी, हवा द्यायची पिशवी आणि मास्क.

"लेकरू रडलं किती वाजता?"

"चार दहालाच की. लिहिलंय ना."

"ते जन्मलं, आजी. रडलं कधी?"

ते काही तळहातावर नव्हतं. सिस्टरने फोन लावला. प्रसूतिगृहातली मावशी म्हणाली, सात-एक मिनिटांनी.

घराघरात "उशिरा रडलं" म्हणून विषय मिटवतात. पण सगळं अडतं ते उशीर किती, यावरच. पुसून, पाठ चोळूनही बाळाने श्वास घेतला नाही, तर पहिलं मिनिट सरायच्या आत पिशवी-मास्कने हवा सुरू करायची असते. हे काम नांदेडला नेऊन होत नाही. टेबलाशेजारीच करावं लागतं. त्याला फार मोठी यंत्रंही लागत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने खेड्यातल्या बायकांना हेच शिकवलं आणि घरच्या बाळंतपणात गुदमरून जाणारी बाळं वाचवली.

श्वास आला, रंग फिरला, की घरचे सुस्कारा सोडतात. मेंदू मात्र काही तास फसवा शांत असतो. मग इजा दुसऱ्यांदा उसळते. म्हणून पहिले सहा तास मोलाचे. आमची ऐंशी मिनिटं तर गाडी दारात येण्यातच गेली होती.

नायगावच्या अलीकडे, नरसीजवळ, पदर हलला. "बघा, पाय हलवायलंय. खेळायलंय लेकरू," आजी हसल्या. सिस्टरने पदर बाजूला केला. पाय सायकल मारल्यासारखे गोल गोल, ओठांची चपचप, डोळे एकाच कोपऱ्यात खिळलेले. तिने पाय अलगद धरला. हातातही तो फिरतच राहिला. नवजाताचा झटका असाच असतो, अंग ताठ होऊन थडथडेलच असं नाही. तिने घड्याळ पाहिलं, नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. साखर निघतानाच टाचेतून थेंब काढून तपासली होती. ती कमी पडली तरी झटके येतात.

"खिडकी उघडू का? गारव्यानं मेंदू वाचतो म्हणं," ड्रायव्हरने विचारलं. मोबाइलवर पाहिलं असावं. गोष्ट अगदीच खोटी नाही. श्रीमंत देशांत अशा बाळाचं तापमान सहा तासांच्या आत ३३-३४ अंशांवर आणून ७२ तास तिथेच ठेवतात. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या 'हेलिक्स' चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले, तेव्हा थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली होती, न केलेल्यांत ३१. तिकडचं औषध इकडे तसंच लागू पडत नाही, हे इतकी मोठी किंमत मोजून कळलं. सिस्टरने एवढंच सांगितलं, "खिडकी लावा, दादा."

साडेसातला नांदेड. नवजात कक्षाच्या दारात डॉक्टरांनी बाळ हातात घेता घेताच विचारलं, "जन्म कधीचा? रडलं कधी?"

आजींनी मूठ उघडली. पत्रिकेच्या वेळेखाली सिस्टरने वाटेतच दोन ओळी लिहिल्या होत्या: रडलं ४.१७, झटका ६.१५. घामाने शेवटचा पाच फिसकटला होता. डॉक्टरांनी तो हात उजेडाकडे वळवला आणि केसपेपरवर आकडे उतरवून घेतले.