हातांचाही आपल्यावर हक्क आहे

गेल्या वर्षी निकालाच्या दिवसांत एका फजरला सजद्यात तळहात जमिनीवर टेकवला आणि उजव्या मनगटात अशी कळ आली की पुढची रकात मला हात नीट न टेकवताच पूर्ण करावी लागली. रात्री हात अंगाखाली आला असेल, असं वाटलं. पण मग रोजच रात्री अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येऊ लागल्या. उठून हात झटकला की बरं वाटायचं. एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा मात्र घरातले सगळे घाबरले.

चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "दिवसभर हातानं काय काय करता?"

मी म्हटलं, "शिक्षिका आहे. शिकवते."

सोबत आलेली लेक म्हणाली, "अम्मी, रात्रीचं टायपिंग पण सांगा ना."

खरंच की! प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, सगळं मी इशानंतर पलंगावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन करत होते. त्याआधी वीसेक पोळ्यांची कणीक मळून झालेली असायची. कपडेही पिळून झालेले असायचे. हात तोच, आणि त्याला सुट्टी कुठेच नव्हती.

मनगटात काय होतं?

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं ते सांगते. मनगटाच्या आत, तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या तीन बाजूंना हाडं आणि वरून एक चिवट पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट सरळ असलं तर सगळ्यांना पुरेशी जागा मिळते. ते वर मोडलं किंवा खाली वाकलं की आतला दाब वाढतो. तासन्‌तास असंच चाललं की दोऱ्यांना सूज येते आणि नस चेपली जाते. तीन बोटांच्या मुंग्या त्या नसेच्या असतात.

हा त्रास फक्त टायपिंगमुळे होतो असं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही तो होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. म्हणून मुंग्या रात्री झोपमोड करत असतील, वस्तू हातातून सुटत असतील किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाजारातली कुठलीही वस्तू हे औषध नव्हे. मला रात्री घालायला मनगटाची पट्टी मिळाली आणि एक सूचना मिळाली: "टायपिंगची पद्धत बदला."

जुन्या साधनांतली विश्रांती

आमचं राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. सरकारी कामकाज उर्दूत चाले. १९५६ साली तालुका आधी नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चंद्रपूरला जोडला गेला. आमचे दादाजान उर्दूत अर्ज लिहून देत. एक गुडघा उभा करून, त्यावर कागद ठेवून, बोरूनं. दर दोन-चार शब्दांनी बोरू दौतीत बुडवावा लागे. अब्बांनी मराठी टाइपरायटर शिकून घेतला. त्याच्या कळा दाबायला जोर लागे, पण प्रत्येक ओळ संपली की घंटी वाजे, हात उचलून रूळ मागे सारावा लागे, पान संपलं की नवा कागद चढवावा लागे.

तेव्हा ही कटकट वाटायची. आता कळतं की त्या कटकटीतच हाताला विसावा होता. संगणकात ओळ आपोआप बदलते, पान आपोआप सरकतं. थांबवणारं कुणीच नाही. म्हणून आपणच थांबायला हवं.

अब्बांच्या टायपिंग क्लासचे सर ओरडत, "पाठ ताठ ठेवा! मनगट टेकवू नका! नजर कागदावर!" आजही संगणकासमोर बसण्याचा सल्ला जवळजवळ हाच आहे. महाराष्ट्रात हाताच्या टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा २०१७ पर्यंत चालली. यंत्र गेलं आणि त्याबरोबर ही शिस्तही आपण भंगारात दिली.

कीबोर्ड हातासाठी की हात कीबोर्डसाठी?

ईदला पुण्याहून भाचा आला. तो संगणकावरच नोकरी करतो. माझी पट्टी पाहून त्यानं बॅगेतून स्वतःचा कीबोर्ड काढला. मधून दोन तुकडे केलेला! मला हसू आलं. "खालाजान, हसू नका. आधी उभ्या राहा आणि हात सैल सोडा," तो म्हणाला.

तुम्हीही करून पाहा. हात सैल सोडले की तळवे मांडीकडे वळतात, जमिनीकडे नाही. आता ते लॅपटॉपवर ठेवा. कोपरं अंगाला चिकटतात, तळवे पूर्ण पालथे होतात आणि मनगटं करंगळीच्या दिशेला मुरडतात. दोन तुकड्यांचा कीबोर्ड खांद्यांच्या रुंदीइतका लांब ठेवता येतो आणि मधल्या बाजूनं थोडा उचलता येतो. त्यामुळे मनगट सरळ राहतं. एवढाच त्याचा उपयोग, पण तो मोठा आहे.

कीबोर्डवरच्या कळा एकाखाली एक सरळ नसून तिरक्या का असतात, हेही त्यानं सांगितलं. अमेरिकेतल्या शोल्स यांनी १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. पुढच्या टाइपरायटरांत प्रत्येक कळीखाली लोखंडी दांडी होती आणि दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून ओळी सरकवाव्या लागल्या. दांड्या केव्हाच गेल्या, तिरकेपणा राहिला. ही मांडणी यंत्राच्या सोयीची होती. कीबोर्ड हातांप्रमाणे दुभागावा, असं जर्मनीतल्या क्लोकेनबर्ग यांनी १९२६ सालीच मांडलं होतं. पण असा कीबोर्ड सर्वसामान्यांच्या बाजारात पोहोचायला १९९४ साल उजाडलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं आपला 'नॅचरल' कीबोर्ड आणला.

भाच्याचा कीबोर्ड 'मेकॅनिकल' होता. साध्या कीबोर्डात कळांखाली रबराची चादर असते आणि कळ बहुतेक तळापर्यंत दाबावी लागते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि बटण असतं. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटतं. सवय झाली की बोटं तळाला आपटत नाहीत. बटणांचे प्रकार रंगांवरून ओळखतात. लाल सरळ खाली जातं, तपकिरीत मध्ये हलकीशी जाणीव होते, निळं टकटक वाजतं. घरात लहान बाळ झोपत असेल तर निळ्याच्या वाटेला जाऊ नका. वरच्या टोप्या काढून साफ करता येतात. सास्तीच्या कोळशाची धूळ खिडकीतून येणाऱ्या आमच्यासारख्या घरांना याची किंमत कळेल.

मराठीची कळपाटी

सुट्टी संपेपर्यंत मी तो वापरला. पहिले आठ दिवस माझा वेग निम्म्यावर आला. 'व' सापडेचना! मी इनस्क्रिप्ट पद्धतीनं लिहिते. त्यात 'व' डाव्या हाताचा आहे आणि मी वर्षानुवर्षं तो उजव्या बोटानं दाबत होते. तुकडे वेगळे झाल्यावर चोरी पकडली गेली.

इनस्क्रिप्टची मांडणी मात्र हाताचा विचार करणारी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. 'क' च्या कळीवर शिफ्टनं 'ख', 'त' वर 'थ', 'ग' वर 'घ'. 'भारत' लिहायला शिफ्ट धरून पाच कळा लागतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी करायचं तर त्याच शब्दाला सहा-सात. पानभर मजकुरात हा फरक किती होईल, तुम्हीच हिशोब करा. एक उणीवही आहे. च, ट, ज, ड, य ही सगळी अक्षरं उजव्या करंगळीवर येतात. म्हणून उजव्या हाताच्या अक्षराला शिफ्ट नेहमी डाव्या हातानं दाबावी. 'छ' साठी दोन्ही कामं एकाच हातानं केली तर करंगळी दुखणारच.

अशा कीबोर्डवर देवनागरी अक्षरं सहसा छापलेली नसतात. घाबरू नका. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि 'र' आहे. दोन्ही पहिली बोटं तिथे ठेवली की बाकीचा रस्ता बोटांना सापडतो. उर्दूसाठीही मी तेच उंचवटे वापरते.

पैसे न खर्चता

दुभागलेला मेकॅनिकल कीबोर्ड दहा हजारांच्या आसपास किंवा वर जातो. भाचा ठेवून जायला तयार होता, पण त्याची रोजीरोटी त्यावर आहे. मी परत दिला आणि त्यानं शिकवलेलं ठेवून घेतलं:

लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा आणि पाच-सातशे रुपयांचा साधा वेगळा कीबोर्ड जोडा. मान आणि मनगट दोन्ही सुटतात.

कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटवा. ते उघडले की मनगट वर मोडतं.

टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी घ्या आणि पायांखाली पाट ठेवा. कोपर काटकोनात हवं. जमिनीवर बसायचं तर बुटकी चौकी घ्या, पलंग नको.

माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. गुण भरायचे नसतील त्या दिवशी उजवीकडचे आकडे नसलेला छोटा कीबोर्ड बरा.

वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. मोबाइलवर घंटी लावा. तीच आपली टाइपरायटरची घंटी.

लेकीची परीक्षा

हे सगळं मी माझ्यासाठी शिकत होते, पण कामाला आलं लेकीच्या. ती लिपिकाच्या नोकरीची तयारी करते आहे. त्याला मराठी टायपिंगचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो. वेग वाढेना म्हणून ती रोज सलग तीन तास कळा बडवत होती. एका रात्री तिचा हात कोपरापर्यंत ठणकू लागला. "अम्मी, माझ्यानं नाही होणार," म्हणून रडली. आमच्या घरात सरकारी नोकरीपर्यंत पोहोचू शकणारी ती पहिली मुलगी आहे.

मी तिचा सराव पाहिला. मनगटं टेबलाच्या कडेवर रुतलेली, मागचे पाय उघडे, बोटं हातोड्यासारखी. आम्ही सलग तीन तासांऐवजी वीस-वीस मिनिटांचे चार भाग केले. आधी चूक न करता हळू लिहायचं, वेग मागून येऊ द्यायचा. परीक्षेला केंद्रावर असेल तोच साधा कीबोर्ड मिळणार, म्हणून घरीही साधाच ठेवला. ज्यांच्याकडे भारी कीबोर्ड आहे त्यांनीही शेवटचे काही आठवडे साध्यावर सराव करावा. आणि परीक्षेला कोणती कळपाटी असते, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, ते संस्थेत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. नाहीतर बोटांना दोनदा शिकावं लागतं.

आणखी एक बदल झाला, तो मी कुणाला सांगितला नव्हता. डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्यापासून कणीक मुलगा मळतो. पहिल्या दिवशी गोळा इतका सैल झाला की पोळ्यांऐवजी धिरडी खावी लागली. आता जमतं. चादरी माझे पती पिळतात.

शरीराचाही माणसावर हक्क आहे, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण नफ्ल रोज्यांच्या आणि रात्रीच्या इबादतीच्या संदर्भात ऐकतो. घरात दिवसभर राबणाऱ्या हातांच्या बाबतीत ती आपल्याला आठवत नाही. आठवायला हवी. आपल्या अम्मीचा, भाभीचा, लेकीचा हात रात्री झटकला जात असेल, तर विचारा, "काय दुखतंय?"

माझ्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. पण अल्हम्दुलिल्लाह, सजद्यात तळहात आता सपाट टेकतो. लेकीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल तिचा वेग अठ्ठावीस आला. दुआ करा.