हुमणी शोधणारी नावांची बटणं

मुलांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हुमणी काय चीज असते हे सांगायला नको. वर नुसती पानं पिवळी पडतात. पान उलटून पाहा, खोड चिरून पाहा, किडा कुठंच दिसत नाही. तो असतो जमिनीखाली, मुळं कुरतडत. जिथं संशय आहे तिथं खणून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. पण म्हणून कोणी सगळंच शेत खणून काढत नाही, बरं का!

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीलाही इंग्रजीत 'बग', म्हणजे किडाच म्हणतात. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणण्याची पद्धत संगणकाच्याही आधीची आहे. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला! तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून टाकला. ती वही आजही तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. किडा शोधून काढण्याच्या कामाला म्हणतात 'डीबगिंग'.

आता प्रोग्रॅममधला किडा हुमणीसारखाच लपलेला असतो. पडद्यावर दिसतं ते फक्त पिवळं पान. म्हणजे उत्तर चुकतं, नाहीतर प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. आत काय चाललंय हे कळायचं कसं? सर्वांत जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे प्रोग्रॅमलाच बोलायला लावायचं. "मी ही फाइल उघडली", "मला इतकी जागा मिळाली", "आता मी बेरीज करतोय" असं त्यानं चालता चालता सांगायचं.

पण इथंच गंमत आहे. मोठा प्रोग्रॅम सेकंदाला हजारो कामं करतो. तो प्रत्येक काम बोलून दाखवायला लागला, तर ऐकणार कोण? शिवाय बोलण्यातच त्याचा वेळ जाणार.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली बांधून झालं. प्रवरेच्या पाटांना त्याचंच पाणी येतं. समजा, आवर्तन सुटलंय आणि टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाहीये. वाटेत कुठं फुटलं, कुठं मुरलं? प्रत्येक चारीच्या तोंडाशी माणूस उभा करून "दिसेल ते ओरडून सांग" म्हटलं, तर नुसता गलका होईल. शहाणा पाटकरी असं करत नाही. तो म्हणतो, "तीन नंबरच्या आणि सात नंबरच्या चारीवर माणूस बसवा, बाकीचे गप्प." आणि यासाठी पाट बंद करावा लागत नाही. पाणी चालूच राहतं.

प्रोग्रॅममध्ये हेच काम करतात ती नावांची बटणं. इंग्रजीत त्यांना 'डीबग फ्लॅग' म्हणतात. फ्लॅग म्हणजे झेंडा. वर असला की बोल, खाली असला की गप्प. नाव घेतलं की तेवढाच भाग बोलू लागतो. आणि हे प्रोग्रॅम चालवताना ठरवता येतं, तो पुन्हा नव्यानं बांधावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बटण म्हणजे पडद्यावर चौकोन काढायचा, त्यावर टिचकी मारायची, झालं! पण 'लायब्ररी'ला पडदाच नसतो. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 'सी' ही भाषा तयार केली. (आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून ती शिकलेले कितीतरी ताई-दादा तुम्हांला भेटतील.) सी भाषेत नेहमी लागणारी कामं तयार करून एका भांडारात ठेवतात. त्याला म्हणतात लायब्ररी. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तिथून काम उचलतात. ती स्वतः कधी समोर येत नाही. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यासारखी पडद्याआड असते. मग तिला निरोप द्यायचा कसा?

त्यासाठी प्रोग्रॅम सुरू करण्याआधी संगणकात एक चिठ्ठी ठेवतात. चिठ्ठीला ठरलेलं नाव असतं. लायब्ररी जागी होताच ती चिठ्ठी शोधते. लिनक्स संगणकांवर 'ग्नू सी लायब्ररी' नावाचं भांडार असतं. तिच्या चिठ्ठीचं नाव आहे 'एलडी_डीबग'. त्यात 'लिब्ज' लिहिलं, तर प्रोग्रॅमला लागणारी भांडारं कुठंकुठं शोधली ते ती सांगते. 'बाइंडिंग्ज' लिहिलं, तर कुठल्या कामाची गाठ कुठल्या भांडाराशी बांधली ते सांगते. दोन्ही हवं असेल, तर मध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही नावं लिहायची. 'ऑल' लिहिलं की सगळेच बोलू लागतात. तो गलका एकदा ऐकून पाहाच, म्हणजे निवडून नाव घेण्याची किंमत कळेल! आणि नावंच माहीत नसली तर? 'हेल्प' लिहा, ती नावांची यादीच देते. चुकीचं नाव लिहिलं तर "असं बटण नाही" असा इशाराही देते. मला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते. चुकीचं नाव ऐकून गप्प बसणारा प्रोग्रॅम आपल्याला उगाच वाटायला लावतो, की आत सगळं ठीक आहे.

'जीलिब' या दुसऱ्या एका सी लायब्ररीत आणखी एक चतुराई आहे. तिथं 'ऑल' बरोबर दुसरं नाव लिहिलं, तर अर्थ उलटा होतो: या नावाचा सोडून बाकी सगळे बोला!

या बटणांत धोकाही आहे. बोलका प्रोग्रॅम गुपितंही बोलून जाऊ शकतो. म्हणून काही प्रोग्रॅम, जे साध्या माणसानं सुरू केले तरी मोठ्या अधिकारानं चालतात, त्यांच्या बाबतीत ग्नू लायब्ररी 'एलडी_डीबग'ची चिठ्ठी सहसा वाचतच नाही. पालकांनीही हे लक्षात घ्यावं. दुरुस्तीसाठी उघडलेलं बटण दुरुस्तीनंतर बंद केलेलं बरं.

मग असं वाटेल, की काम झालं की ही बटणं उपटूनच टाकावीत. थांबा! आता मंगळावरची हकिगत ऐका.

४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्या दिवसाचं उरलेलं काम उद्यावर जाई. मेकॅनिक पाठवण्याची सोय नव्हती. पृथ्वीवरून निघालेला संदेशच पोचायला त्या वेळी सुमारे दहा मिनिटं लागत. पण शास्त्रज्ञांनी एक शहाणपण केलं होतं. आत काय चाललंय याची नोंद करण्याची सोय त्यांनी प्रोग्रॅममधून काढून टाकली नव्हती. तसाच दुसरा संगणक पृथ्वीवर होता. त्यावर ती नोंद चालू करून ते वाट पाहत बसले. बिघाड पुन्हा घडला आणि किडा सापडला!

तो समजायला सोपा आहे. शिपाईमामांकडे कपाटाची किल्ली आहे. मुख्याध्यापकांना त्याच कपाटातून तातडीचा कागद हवाय, पण मामांना दुसरेच शिक्षक आपापली कामं सांगून अडवून धरतात. मामांना कपाटापर्यंत पोचताच येत नाही, आणि मुख्याध्यापक ताटकळतात. यानातही तसंच. हवामानाची नोंद घेणारं कमी महत्त्वाचं काम 'किल्ली' धरून होतं, मधली कामं त्याला पुढं जाऊ देत नव्हती, आणि जास्त महत्त्वाचं काम अडून राहत होतं. ते वेळेत पुरं झालं नाही, की संगणक स्वतःला पुन्हा सुरू करत होता.

यावरचा उपाय आधीच तयार होता! ज्याच्या हाती किल्ली असेल त्याला तेवढ्यापुरता मुख्याध्यापकांचा मान द्यायचा, म्हणजे त्याला कोणी अडवणार नाही. यानाच्या लायब्ररीत त्याचा झेंडा होता, फक्त तो खाली होता. पृथ्वीवरून बदल पाठवून तो वर केला आणि तो त्रास थांबला. पाथफाइंडर पुढं सप्टेंबरअखेरपर्यंत माहिती पाठवत राहिलं. मूळ बेत महिनाभराचाच होता.

एवढे सगळे झेंडे संगणक लक्षात कसे ठेवतो? वजनांसारखे! प्रत्येक नावाला एक वजन: १, २, ४, ८, १६... प्रत्येक मागच्याच्या दुप्पट. जे झेंडे वर, त्यांच्या वजनांची बेरीज तो एकाच आकड्यात ठेवतो. बेरीज ५ असेल तर १ आणि ४ चेच झेंडे वर, दुसरी कुठलीही जोडी जमत नाही. करून पाहा.

पाच चाऱ्या घ्या. पहिलीचं वजन १, दुसरीचं २, तिसरीचं ४, चौथीचं ८, पाचवीचं १६. पाटकऱ्यानं वहीत नुसता २२ लिहून ठेवलाय. माणसं कुठल्या चाऱ्यांवर बसली आहेत? आणि पाचही चाऱ्यांवर बसवायची असतील, तर त्यानं वहीत कोणता आकडा लिहावा?

(उत्तर : दुसरी, तिसरी आणि पाचवी, ३१.)